‘होतंच आलंय’ म्हणजे किती आलंय?

परवा रविवारी भाचा जुळे सोलापुरातनं आमच्याकडं आला आणि चप्पल काढायच्या आधीच मोबाईल पुढं केला. छतावर सोलर बसवणाऱ्या एका फर्ममध्ये तो दीड वर्ष सेल्सला होता, आता त्याला प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर केलंय, पगार थोडा वाढलाय आणि झोप बरीच कमी झालीय. मोबाईलमध्ये नवशिक्यांसाठीचे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे गाईड भरून ठेवलेले, सगळे इंग्रजी, काही फुकटचे, काही मित्राकडनं आणलेले. म्हणाला, "मामा, यातलं कुठलं आधी वाचू ते सांग. तीन दिवस झाले वाचायला, डोक्यात काही शिरंना झालंय."

हाच प्रश्न मला या वर्षात आणखी दोघातिघांनी विचारला, एक तर आमच्याच कारखान्यातला स्टोअरचा पोरगा, म्हणून म्हणलं एकदा नीट बसून लिहून टाकावं. मोठं होईल, पण घाईनं लिहायचा विषय नाही हा.

माझ्याबद्दल आधी सांगतो म्हणजे मी कुठल्या जागेवरनं बोलतोय ते कळेल. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, ऑफिस पण बघतो आणि प्रॉडक्शन पण बघतो, १४ वर्षं झाली. प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा शब्द माझ्या आयुष्यात आला तो नव्या शेडच्या वेळी. मालकांनी आठ रेपिअर माग घ्यायचं ठरवलं, बँकेचं कर्ज मंजूर झालं, आणि एका सकाळी मला बोलावून म्हणाले हे सगळं तुम्ही बघा. तोवर मी रोजचं काम बघत होतो, सूत आलं का, सूत गुंडाळायचे रूळ म्हणजे बीम भरले का, पाळीवर माणसं आली का, आणि रोजच्या कामात एक सोय असते की आज चुकलं तर उद्या तेच काम पुन्हा असतं. शेड एकदाच उभी राहणार होती. गाईडमध्ये पहिल्या पानावर जी व्याख्या असते ना, की प्रोजेक्ट म्हणजे ठरावीक सुरुवात आणि ठरावीक शेवट असलेलं, एकदाच होणारं, काहीतरी नवीन उभं करणारं काम, ती मला तेव्हा निव्वळ व्याख्या वाटली. तिच्यात खरी भीती आहे ती ‘एकदाच’ या शब्दात.

मी काय केलं, तर गाईड आणलं आणि महिनाभर रात्री अकरानंतर वाचत बसलो. कामाचे पाच गट असतात, सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि समाप्ती, हे पाठ झालं. चार्टर, स्कोप, स्टेकहोल्डर, माइलस्टोन, सगळे शब्द तोंडात बसले. आणि दिवसा काय करत होतो तर ज्याचा फोन जास्त वाजेल त्याच्या मागं धावत होतो. मागांचा व्यापारी रोज फोन करायचा म्हणून मी मागांच्या मागं. दोनदा बाहेरगावी जाऊन माग बघून आलो, भाव ठरवला, ट्रक ठरवला. फरशीचा कंत्राटदार पण रोज समोर दिसायचा, त्यामुळं त्याच्याकडं पण लक्ष होतं. विजेचा लोड वाढवायचा अर्ज मात्र कुणाचा फोन येत नव्हता म्हणून टेबलावर पडून होता, तो मी दिला २९व्या दिवशी.

आता आकडे बघा, कारण सगळी गोष्ट आकड्यांतच आहे. फरशीचं आणि मागांच्या पायाचं काँक्रीट १२ दिवस, त्यानंतर त्याला पाणी मारून पिकू द्यायला १० दिवस, झाले २२. तेवढ्या वेळात माग येऊन पडणार होतेच, २० दिवसांत. मग जोडणी आणि लेव्हल १० दिवस, म्हणजे ३२. दुसऱ्या बाजूला लोड वाढून मिळायला अर्ज, पाहणी, एस्टिमेट, पैसे भरणं, केबल आणि मीटर हे सगळं धरून ४५ दिवस. आणि दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या की ट्रायल ५ दिवस. अर्ज पहिल्या दिवशी दिला असता तर ४५ अधिक ५, पन्नासाव्या दिवशी टॉवेल निघायला लागले असते, आणि फरशी-मागांच्या बाजूला उलट १३ दिवसांची सवड होती. मी २८ दिवस घालवल्यावर अर्ज दिला, म्हणून २८ अधिक ४५ अधिक ५, झाले ७८. मागांसाठी मी जी धावपळ केली, रात्रीचा प्रवास केला, ट्रकवाल्याशी भांडलो, त्यानं एकही दिवस वाचला नाही. वाचणारच नव्हता, कारण वेळ तिथं अडलेलाच नव्हता.

ज्या सगळ्यात लांब साखळीवर शेवटची तारीख ठरते तिला गाईडमध्ये क्रिटिकल पाथ म्हणतात आणि त्या १३ दिवसांच्या सवडीला फ्लोट म्हणतात, आणि माझ्या गाईडमध्ये ते सहाव्या प्रकरणात होतं. मी सहाव्या प्रकरणापर्यंत पोचलो तेव्हा माग जोडून ताडपत्री घालून ठेवलेले होते.

हे फक्त कर्जाच्या हप्त्याचं नुकसान असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. आम्ही नव्या मागांसाठी विणकर आधीच बोलून ठेवलेले. त्यातला एक कुंभारीच्या घरकुलातनं सायकलवर येणारा, त्याची बायको विड्या वळते, दोन पोरं शाळेत. त्यानं आमच्या भरवशावर जुना कारखाना सोडला आणि माझ्या २८ दिवसांमुळं तो जवळजवळ महिनाभर बिनकामाचा बसला. मालकांनी त्याला थोडी उचल दिली, पण उचल म्हणजे पगार नव्हे. रोज सकाळी गेटवर येऊन विचारायचा, "साहेब, लाईट आली का?" म्हणून मला कुणी प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे ऑफिसातली कागदी कामं म्हणलं की बरं वाटत नाही. उशीर झाला की तो कुणाच्या तरी घरच्या डब्यातनं वजा होतो.

तर भाच्याला मी जे सांगितलं ते असं, की गाईड नंतर, आधी कागद. मोठा कागद, कॅलेंडरची मागची बाजू चालते. त्यावर सगळ्यात वर एक वाक्य लिहायचं, हे काम झालं असं आपण कधी म्हणणार. आमच्या बाबतीत ‘शेड बांधणे’ असं लिहून भागत नाही, ‘आठ माग सलग तीन दिवस दोन्ही पाळ्यांत चालले आणि टॉवेल पास झाले’ असं लिहावं लागतं. भाच्याच्या बाबतीत ‘पॅनल बसवणे’ हे वाक्य चूक, कारण पॅनल बसले तरी नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, लागत नाही तोवर गिऱ्हाईकाच्या बिलात एक रुपया कमी होत नाही, आणि पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान पण, ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत मिळतं ते, सिस्टिम चालू झाल्यावरच येतं. गिऱ्हाईकाच्या दृष्टीनं काम तिथं संपतं. हे वाक्य लिहायला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

मग त्याखाली कामं सुटी करायची. याला वर्क ब्रेकडाउन म्हणतात, आपल्या भाषेत सांगायचं तर गाठोडं सोडून एकेक कापड बाजूला ठेवायचं. किती बारीक करायचं, तर एका माणसाला सांगता येईल आणि त्याला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं उत्तर देता येईल इतकं. आणि प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहायचा, हे कशासाठी थांबलंय? माग जोडायचे तर फरशी पिकलेली पाहिजे. ट्रायल घ्यायची तर लाईट पाहिजे आणि बीम भरलेले पाहिजेत, टेरीला दोन बीम लागतात, एक जमिनीच्या ताण्याचा आणि एक वरच्या लूपचा, दोन्ही तयार नसतील तर माग नुसता उभा. कोण कुणासाठी थांबलंय याचे बाण काढत गेलं की सगळ्यात लांब साखळी कुठली ते डोळ्यांना दिसतं, सॉफ्टवेअर लागत नाही. त्या साखळीतलं पहिलं काम पहिल्या दिवशी सकाळी सुरू झालंच पाहिजे, मग त्याच्यासाठी कुणाचा फोन येवो न येवो.

ही क्रिटिकल पाथची पद्धत काही फार जुनी नाही, १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट या केमिकल कंपनीनं आणि रेमिंग्टन रँड या कॉम्प्युटरवाल्या कंपनीनं मिळून ती बसवली, केमिकलचे प्लांट उभारणं आणि दुरुस्तीला बंद ठेवणं यात दिवस किती जातात हे बघायला. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी त्याच्याच जवळची पर्ट नावाची पद्धत काढली. आणि आडव्या पट्ट्यांचा जो तक्ता सगळीकडं दिसतो तो हेन्री गँट यांच्या नावानं ओळखला जातो, १९१० च्या दशकातला. पण त्याच्याही आधी, १८९६ मध्ये, पोलंडच्या कारोल आदामिएत्स्की नावाच्या इंजिनिअरनं तसाच तक्ता केला होता, त्यांनी लिहिलं पोलिश आणि रशियन भाषेत, त्यामुळं बाहेर कुणाला लवकर कळलंच नाही. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं. आपल्या गावात माग सांभाळणारे किती जॉबर, किती मुकादम असे असतील की ज्यांना हे सगळं हातानं येतं, पण त्यांचं कुणी कुठं लिहून ठेवलं नाही.

आता कागदावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे माझ्या मते महत्त्वाची, गाईडवाले तिला जबाबदारीचा तक्ता म्हणून एका पानात उरकतात. प्रत्येक कामासमोर एक नाव. दोन नाही, टीम नाही, डिपार्टमेंट नाही, एक नाव. हे मला गाईडनं शिकवलं नाही, गड्ड्यानं शिकवलं. सोलापूरच्या माणसाला गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा सांगायला नको, पण बाहेरचे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो. संक्रांतीला पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, गावातल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम, मग शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळीचा विधी. तारीख हलत नाही. बजेट कमी पडलं, माणूस आजारी पडला, थंडी पडली, काही झालं तरी अक्षता त्या दिवशी त्या वेळी पडणारच. आणि एवढं सगळं वर्षानुवर्षं बरोबर होतं त्याचं कारण मला दोन गोष्टींत दिसतं. एक म्हणजे तो उंच नंदीध्वज पेलायचा सराव पोरं आधीपासनं करत असतात, संक्रांतीच्या सकाळी कुणी पहिल्यांदा काठीला हात लावत नाही. आणि दुसरं, प्रत्येक गोष्टीला मानकरी आहे. कुठल्या काठीपुढं कोण, कुठला विधी कुणाच्या हातनं, हे ठरलेलं आहे, त्यात वाद नाही. मानकरी हा शब्द मला म्हणून फार आवडतो, कारण त्यात मान पण आहे आणि भार पण आहे, इंग्रजीतल्या ओनर शब्दात मला तो मान सापडत नाही. आमच्या कागदावर आता कामासमोरच्या रकान्याला मी ‘मानकरी’ असंच लिहितो. माणसं पण ते वेगळ्या तऱ्हेनं घेतात बरं का, कंप्रेसरसमोर इलेक्ट्रिशियनचं नाव मानकरी म्हणून लिहिलं तर तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून सांगायला आला की पाइप कुठला लागेल.

कागद भिंतीवर लावायचा. आमच्याकडं तो पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी लावला, कारण तिथं दिवसातनं चारदा प्रत्येकजण येतो. सोलापुरात कारखान्यात एका वेळी चार भाषा चालतात, जॉबर तेलुगू बोलतो, फिटर कन्नड, पॅकिंगच्या बायका मराठी आणि उर्दू, मग मराठीत लिहिलेला लांबलचक प्लॅन अर्ध्यांना वाचता येणार नाही, म्हणून आम्ही रंग ठेवले. पिवळं म्हणजे चालू, हिरवं म्हणजे झालं, लाल म्हणजे अडलं. शेजारी खडूनं ‘उरलेले दिवस’ एवढाच आकडा, रोज सकाळी एकनं कमी. ही कल्पना ई. श्रीधरन यांची, दिल्ली मेट्रोच्या कामावर त्यांनी उलटे दिवस मोजणारे फलक लावले होते. आमच्या फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहायचं काम मी कुणाला देत नाही, स्वतः करतो.

आता ‘होतंच आलंय’. हा आपला राष्ट्रीय नाही पण सोलापुरी शब्द तरी नक्की आहे. तुम्ही विचारा, अण्णा, काम झालं का? अण्णा म्हणणार, होतंच आलंय की. त्यात लबाडी नसते, त्यांना खरंच तसं वाटत असतं, आणि तुम्ही पण ऐकून खूश होऊन जाता. पण होतंच आलंय हे पन्नास टक्क्यांना पण म्हणतात आणि नव्वदला पण म्हणतात, आणि शेवटचे दहा टक्के कधीकधी पहिल्या नव्वदाएवढे दिवस खातात. मी ‘झालं का’ विचारणं सोडून दिलं. मी विचारतो, "काय उरलंय?" मग अण्णा थांबतात, विचार करतात आणि म्हणतात, दोन बोल्ट, एक बेल्ट, आणि तिसऱ्या मागाची लेव्हल. हे उत्तर लिहून घेता येतं. नवीन माणसानं एवढा एकच बदल केला तरी पहिल्या महिन्यात त्याचं निम्मं टेन्शन कमी होईल असं मला मनापासून वाटतं.

दिवसांचा अंदाज घ्यायची पण अशीच एक पद्धत आहे. माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ कमीच सांगतो, मागं किती वेळ लागला होता हे माहीत असून पण. डॅनियल काहनेमन आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यावर लिहिलंय, त्याला प्लॅनिंग फॅलसी म्हणतात. त्यावर पर्टवाल्यांचा उपाय सोपा आहे, एक आकडा विचारायचाच नाही, तीन विचारायचे. डाइंगवाल्याला मी विचारतो, रंगाची छटा पास व्हायला सगळं नीट झालं तर किती दिवस? ४. नेहमीसारखं झालं तर? ६. आणि सगळं बिघडलं, पार्टीनं दोनदा परत पाठवलं तर? १४. मग मधल्या आकड्याला चारनं गुणायचं, २४, त्यात ४ आणि १४ मिळवायचे, ४२, आणि सहानं भागायचं, ७. मी प्लॅनमध्ये ७ लिहितो. गणितापेक्षा तिसरा प्रश्न जास्त कामाचा आहे, कारण ‘बिघडलं तर’ म्हणलं की माणूस मोकळेपणानं सांगायला लागतो की काय काय बिघडू शकतं, आणि तीच तुमची रिस्कची यादी, वेगळी मीटिंग लागत नाही. आमची फरशी एप्रिलमध्ये पडली, सोलापूरचा एप्रिल, काँक्रीटला दिवसातनं तीनदा पाणी मारावं लागतं, कंत्राटदाराला तिसरा प्रश्न विचारल्यावर तो म्हणाला टँकर नाही आला तर फरशी तडकेल. मग दोन टँकरवाले बोलून ठेवले. बफर म्हणजे काय हे आपल्याला परक्या पुस्तकातनं शिकायला नको खरं तर. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या गावातली प्रत्येक बाई बफर ठेवते, हौद, पिंप, कळशा, आणि कुठलं पाणी आधी वापरायचं ते पण तिचं ठरलेलं असतं.

ठरलेलं काम हळूहळू वाढत जातं त्याला स्कोप क्रीप म्हणतात, त्या शब्दाचं मराठी मला कंत्राटदाराच्या तोंडून मिळालं, ‘हातासरशी’. हातासरशी मागची भिंत पण घेऊ का साहेब, हातासरशी ऑफिसला पण रंग मारू, हातासरशी एक संडास वाढवू. एकेक गोष्ट चांगलीच असते आणि खरंच सोयीची असते, म्हणून तर नाही म्हणवत नाही. मी ‘नाही’ म्हणत नाही, मी वहीत लिहितो आणि शेजारी लिहितो किती दिवस आणि किती पैसे वाढतील, आणि मालकांची सही घेतो. बहुतेक हातासरशी सही घेताना आपोआप गळतात. संडास मात्र आम्ही वाढवला, बायकांसाठी, ते बरोबरच होतं.

आता भाच्याचे मित्र आयटीत आहेत आणि ते त्याला सारखं अजाईल, स्क्रम, कानबान सांगत असतात, आणि त्याला वाटतंय आपण जुनाट काहीतरी शिकतोय. तसं नाही. ज्या कामात शेवटी काय पाहिजे ते आधीच पक्कं असतं आणि मधे बदलणं महागात पडतं, तिथं आधी सगळं आखून मग करायचं, फरशी एकदा ओतली की ओतली. ज्या कामात गिऱ्हाईकाला स्वतःलाच बघितल्याशिवाय कळत नाही काय पाहिजे, तिथं थोडं करायचं, दाखवायचं, बदलायचं, यालाच अजाईल म्हणतात आणि स्क्रम ही त्यातलीच एक पद्धत. आमचं नव्या डिझाइनचं काम असंच चालतं, एक सॅम्पल विणायचं, पाठवायचं, बॉर्डर बदला म्हणाले की बदलायची. अजाईलचा जाहीरनामा २००१ मध्ये सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी अमेरिकेत युटामध्ये बसून लिहिला, पण सॅम्पल दाखवून बदलायची रीत कापडधंद्यात त्याच्या कितीतरी आधीपासनं आहे.

आणि कानबानचं ऐका, हे मला कळलं त्या दिवशी मी कारखान्यात चार जणांना थांबवून सांगितलं. कानबान, म्हणजे कुठलं काम कुठं आहे ते चिठ्ठ्यांनी दाखवायची पद्धत, आली टोयोटातनं, ताईची ओनो यांनी बसवलेली. आणि टोयोटाचं मूळ काय? माग! साकिची टोयोडा हे माग बनवणारे, त्यांचा ऑटोमॅटिक माग १९२४ चा, १९२६ मध्ये मागांची कंपनी काढली, मोटारी नंतर आल्या. त्यांच्या मागाची खासियत ही की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड विणलंच जायचं नाही. त्याला ते जिदोका म्हणतात आणि टोयोटाच्या सगळ्या पद्धतीचा तो एक खांब आहे. म्हणजे ज्या गोष्टी आज पुण्यात एसी ऑफिसात बोर्डवर चिठ्ठ्या लावून शिकवतात त्यांचं एक मूळ मागाच्या खाली आहे, आणि आमच्या जॉबरला धागा तुटला की माग का थांबवायचा हे सांगावं लागत नाही. म्हणून आमच्या शेडवर मी तोच नियम केला, अडलं की लगेच लाल रंग लावायचा, संध्याकाळच्या मीटिंगची वाट बघायची नाही, आणि लाल लावणाऱ्याला कुणी आवाज चढवून बोलायचं नाही. दुसरा भाग अवघड आहे. एकदा जरी तुम्ही लाल लावणाऱ्यावर ओरडलात तर त्यानंतर सगळं पिवळंच दिसतं.

गाईडबद्दल थेट सांगायचं तर पीएमबॉक हे नवशिक्यांचं पुस्तक नाही, लोकं पहिल्यांदा तेच उघडतात आणि हताश होतात. पीएमआय ही संस्था १९६९ पासनं आहे आणि पीएमबॉक हे तिचं प्रमाण पुस्तक. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या, २०२१ च्या सातव्या आवृत्तीत त्यांनी मांडणीच बदलून १२ तत्त्वं केली, त्यामुळं एका आवृत्तीच्या नोट्स आणि दुसऱ्या आवृत्तीचं पुस्तक घेऊन बसलात तर काहीच जुळणार नाही. ते कोशासारखं वापरा, अडलं की शब्द काढून बघा. स्क्रम गाईड मात्र जरूर वाचा, फुकट आहे, २०२० ची आवृत्ती अवघ्या १३-१४ पानांची आहे, एका बैठकीत होते, आणि कमी शब्दांत नियम कसे लिहायचे ते पण त्यातनं शिकायला मिळतं.

सर्टिफिकेट पहिल्याच वर्षी नको. पीएमआयच्या पीएमपी या सर्टिफिकेटला पदवीधराला सुद्धा तीन वर्षं प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं शिक्षण लागतं, त्यामुळं ‘लगेच पीएमपी करून देतो’ म्हणणाऱ्या क्लासला आधी हेच विचारा. नवीन माणसासाठी त्यांचंच सीएपीएम नावाचं सर्टिफिकेट आहे, त्याला अनुभव लागत नाही, २३ तासांचं शिक्षण पुरतं. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पहिलं काम कागदावर, दुसरं एक्सेलमध्ये, तिसऱ्याला वाटलं तर ट्रेलोसारखं एखादं ॲप. व्हॉट्सॲपवर प्लॅन ठेवू नका एवढं कळकळीनं सांगतो, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तारीख वाहून जाते, आणि मग ‘मी ग्रुपवर टाकलं होतं’ या वाक्यावर भांडणं होतात. ग्रुप बातमीसाठी, प्लॅन भिंतीवर.

हे सगळं त्या रविवारी भाच्याला सांगितलं, बायकोनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी दिली, आणि तो गाईड न उघडता परत गेला. काल संध्याकाळी पुन्हा आला, कॅलेंडरची मागची बाजू गुंडाळून घेऊन. त्यानं होटगी रोडवरच्या एका बंगल्याचं काम मांडलं होतं, वर वाक्य बरोबर लिहिलं होतं, मीटर फिरून बिल कमी येणे असं. खाली २३ कामं, बाण बऱ्यापैकी नीट, साखळी पण बरोबर सापडली होती, ती मीटरच्या अर्जापासनं सुरू होत होती. नावं पण लिहिली होती, स्ट्रक्चरसमोर फॅब्रिकेटरचं, वायरिंगसमोर इलेक्ट्रिशियनचं. मी बोट फिरवत खाली आलो आणि मीटरच्या अर्जावर थांबलो, तिथं लिहिलं होतं ‘ऑफिस’.

"हे ऑफिस म्हणजे कोण?"

"आम्ही सगळेच बघतो ना ते, मामा."

"मानकरी कोण?"

तो थोडा वेळ कागदाकडं बघत बसला, मग काहीच न बोलता मोबाईल घेऊन गॅलरीत गेला. आतून मला एवढंच ऐकू आलं, "सर, बंगल्याचा मीटरचा अर्ज आपण दिलाय की द्यायचाय?"